अरणगांवची टेकडी आणि विजेची गिटार

अहमदनगर शहराबाहेर (सरकारदप्तरीं आतां त्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे) दौंडच्या रस्त्यानें अदमासें नऊ किलोमीटर गेलें कीं अरणगांव लागतें. पहिल्या महायुद्धाच्या काळांत येथें लष्कराची छावणी होती. ती उठल्यावर ओस पडलेल्या इमारतींत १९२३ सालीं मेहेरबाबांनीं आपलें ठाणें मांडलें आणि त्या जागेला मेहेराबाद हें नांव पडलें. ३१ जानेवारी १९६९ रोजीं नगरच्या उत्तरेस पिंपळगांवजवळ मेहेराझाद येथें बाबा निवर्तले. त्यांचा देह मेहेराबादच्या टेकडीवर दर्शनासाठीं ठेवण्यांत आला आणि ७ फेब्रुवारीस दफनविधि झाला. त्या वेळीं, बाबांच्याच पूर्वसूचनेवरून, समाधीपाशीं एक तबकडी लावण्यांत आली असें त्यांचे अनुयायी सांगतात. तबकडी अभंगाची नव्हती, कव्वालीचीहि नव्हती. 'बिगिन द बिगीन' नांवाचें तें एक अमेरिकन नाचाचें गाणें होतें.

ह्या गाण्याचा इतिहास थोडा पाहण्यासारखा आहे. कोल पोर्टर यांनीं १९३५ मध्यें 'ज्युबिली' या संगीत नाटकासाठीं तें रचलें. परंतु तें घरोघर पोंचलें १९३८ मध्यें, आर्टी शॉ यांच्या वाद्यवृंदानें नुसत्या वाद्यांवर वाजवून त्याची तबकडी काढली तेव्हां. म्हणजे जगानें ज्या रूपांत तें उचलून धरलें, तें रूपच मुळीं दुसऱ्यानें पुन्हां वाजविलेलें होतें! इंग्रजी संगीतव्यवसायांत अशा पुनर्गायनाला 'कव्हर' म्हणतात, आणि त्या शब्दाला किंचित् उणेपणाचा वास आहे. मूळ तें खरें, बाकीची उसनवारी, असा.

बाबांनीं १० जुलै १९२५ पासून मौन धरलें तें अखेरपर्यंत, त्रेचाळीस वर्षांहून अधिक काळ. १९५४ पर्यंत ते अक्षरफलकावर बोट फिरवून आपलें म्हणणें सांगत. पुढें फलकहि सोडला आणि हाताच्या खुणा तेवढ्या उरल्या. तरुणपणीं 'हुमा' या टोपणनांवानें कविता करणारा हा पुरुष बोलणें सोडून बसला, तरी गाणें ऐकणें त्यानें सोडलें नाहीं.

आतां ह्या मौनाशीं जोडलेला दुसरा माणूस पाहूं. लंडनच्या 'द हू' या चौघांच्या मेळ्यांतले गिटारवादक पीट टाउनशेंड हे गोंगाटाबद्दल प्रसिद्ध होते. १९६४ सालीं हॅरो येथील एका पानगृहांत ठेंगण्या छतावर आपटून त्यांची गिटार मोडली, आणि तेव्हांपासून गिटार फोडणें हा त्यांच्या खेळाचा भागच होऊन बसला. १९७६ मध्यें ह्या मेळ्याचा आवाज बत्तीस मीटरांवर १२६ डेसिबल भरला आणि गिनेसच्या विक्रमग्रंथांत त्याची नोंद झाली. हें सामर्थ्य वाद्याचें नव्हे, बरें का! विजेच्या गिटारमध्यें पोलादी तारांखालीं लोहचुंबक आणि त्याभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें असतें. तार थरथरली कीं वेटोळ्यांत क्षीण वीजप्रवाह उत्पन्न होतो, ॲम्प्लिफायर त्याला फुगवितो, आणि मग कर्णा बोलूं लागतो. ॲम्प्लिफायरवांचून हें वाद्य जवळजवळ मुकेंच.

असलें वाद्य घरीं वाजवून तें घरींच टिपावें, ही कल्पना टाउनशेंड यांची नव्हे. तिचे मोठे प्रवर्तक अमेरिकेचे लेस पॉल. १९४८ सालीं कॅपिटॉल कंपनीनें काढलेल्या त्यांच्या 'लव्हर' या तबकडींत ऐकूं येणाऱ्या सगळ्या गिटारी एकट्या पॉल यांच्या आहेत. हॉलिवुडमधील आपल्या मोटारखान्यांत ते एक गत तबकडीवर कोरीत, ती तबकडी लावून तिच्यासवें दुसरी गत वाजवीत, आणि दोन्ही मिळून नव्या तबकडीवर कोरीत. मध्येंच बोट घसरलें तर तो थर वायां गेला. पुढें टेप आली आणि काम सोपें झालें. १९५१ मध्यें त्यांनीं पत्नी मेरी फोर्ड यांच्यासह 'हाउ हाय द मून' हें १९४० च्या एका नाटकांतलें गाणें घरींच मुद्रित केलें. तें अमेरिकेंत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलें. घरच्या खोलींत टिपलेलें पुनर्गायन व्यवसायाच्या बंगल्यांनाहि भारी पडूं शकतें, हें त्या वर्षीं सिद्ध झालें.

टाउनशेंड १९६० नंतरच्या दशकांत तीच रीत दोन टेप-यंत्रांवर करूं लागले. पहिल्या यंत्रावर ताल, तो वाजत असतां त्यावर गिटार, तें मिश्रण दुसऱ्या यंत्रावर. मग पुन्हां उलट. ह्यांत एक खोड आहे. दर फेऱ्यास टेपची खरखर वाढते आणि आधींचा थर मळकट होत जातो. म्हणून शेवटीं काय हवें आहे तें पहिल्याच थराच्या वेळीं ठरवावें लागतें. सभागृहांतला मोठा ॲम्प्लिफायर घरीं निरुपयोगी. तेथें लहान पेटी, तिच्या तोंडाशीं ध्वनिग्राहक आणि कानांवर श्रवणयंत्र लावून एकट्यानेंच बसायचें.

१९६७-६८ च्या सुमारास एका चित्रकार मित्राकडून मेहेरबाबांविषयींचें पुस्तक त्यांच्या हातीं आलें. त्यांनीं मादक पदार्थ सोडले, आणि आंधळ्या, बहिऱ्या, मुक्या मुलाची कथा सांगणाऱ्या 'टॉमी' या १९६९ च्या संगीतकृतीच्या वेष्टनावर बाबांचें नांव घातलें. परंतु ती बाहेर पडली मे महिन्यांत. बाबा जानेवारींतच गेले होते. गुरुशिष्यांची गांठ कधीं पडलीच नाहीं.

मग ह्या गृहस्थानें केलें काय, तर थेम्सकांठीं ट्विकनहॅमच्या आपल्या घरीं बसून 'बिगिन द बिगीन' गाइलें, वाजविलें आणि टेपवर उतरविलें. फेब्रुवारी १९७० मध्यें, बाबांच्या शहात्तराव्या जयंतीनिमित्त, अनुयायांपुरत्या मोजक्या प्रती काढलेल्या 'हॅपी बर्थडे' या तबकडींत तें आहे. तिच्यांतच 'डे ऑफ सायलेन्स' नांवाचें गाणेंहि आहे, १० जुलैला भक्त दिवसभर मौन पाळतात त्याविषयीं.

पुनर्गायनाला जो उणेपणा चिकटला आहे, तो ह्या जिल्ह्याच्या मातींत कोणाला समजणार नाहीं. येथल्या नेवाशांत शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. राहुरीनजीकच्या ताहाराबादेस महीपतींनीं शके १६८४ मध्यें 'भक्तविजय' पुरा केला, आणि त्यांत पूर्वींच्या संतांचींच चरित्रें पुन्हां गाइलीं. भजनांत शेवटीं नांव येतें तें अभंगकर्त्याचें. म्हणणाऱ्याचें कोठेंच येत नाहीं. टाउनशेंड यांना ही परंपरा ठाऊक असो वा नसो, त्यांनीं केलें तें ह्याच जातीचें. कोल पोर्टरचें गाणें त्यांनीं स्वतःचें म्हणून गाइलें नाहीं, बाबांना आवडतें म्हणून गाइलें.

पण भांडवल स्वस्थ बसत नाहीं. ह्या खासगी तबकड्यांच्या चोरट्या नकला अमेरिकेंत विकल्या जाऊं लागल्या. कंपनीनें अधिकृत तबकडीचा आग्रह धरला, आणि १९७२ च्या शरद ऋतूंत 'हू केम फर्स्ट' बाजारांत आली. तिच्यांत बाबांच्या १९५३ च्या प्रार्थनेला चाल लावलेलें 'परवरदिगार' आहे. जिम रीव्ह्ज यांचें १९६४ चें, बाबांच्या आवडीचें म्हणून ओळखलें जाणारें 'देअर्ज अ हार्टेक फॉलोइंग मी' आहे. 'बिगिन द बिगीन' मात्र तिच्यांत घेतलें नाहीं. तें सर्वांसाठीं बाहेर आलें १९८७ च्या 'अनदर स्कूप' या घरगुती मुद्रणांच्या संग्रहांत. मला हा निवाडा योग्य वाटतो. समाधीपाशीं वाजलेलें गाणें चोरांच्या धाकानें बाजारांत मांडणें शोभलें नसतें.

१९७२ मध्येंच टाउनशेंड मेहेराबादला येऊन गेले. पुढें त्यांच्या कानांना अपाय झाला, आणि त्याचें कारण त्यांनीं स्वतः दिलें तें चकित करणारें आहे: रंगमंचावरचा प्रचंड आवाज नव्हे, तर ध्वनिमुद्रण करतांना कानांवर चढविलेलें श्रवणयंत्र. विक्रमग्रंथांतल्या गोंगाटापेक्षां खोलींतला तो एकांतच त्यांना महागांत पडला.

अरणगांवच्या टेकडीवर आजहि सकाळीं आणि सायंकाळीं आरती होते, 'परवरदिगार' प्रार्थना म्हटली जाते. आरती आटोपली कीं देशोदेशींचे यात्रेकरू समाधीसमोर आपापल्या भाषेंत गाणीं म्हणतात. कोणी पेटी घेतो, कोणी साधी गिटार. पुष्कळ गाणीं दुसऱ्यांचींच असतात. ३१ जानेवारीला अमरतिथीच्या दिवशीं मध्यान्हीं पंधरा मिनिटें मात्र सारी टेकडी निःशब्द राहते.