कल्याणच्या ३२ तबकड्या

कल्याणनजीक १९६५ साली सहा-सहा फूट व्यासाच्या ३२ रेडिओ-तबकड्या सूर्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ते सारे सामान मूळचे सिडनीजवळच्या पॉट्स हिल येथले. तेथील रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ ख्रिस्तियानसेन यांनी १९५१ च्या सुमारास ते उभारले, काम सरल्यावर मोडीत काढावयाचे ठरले, आपले रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या विनंतीवरून ते हिंदुस्थानास देणगीदाखल मिळाले, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत काही वर्षे पडून राहून अखेर टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हवाली झाले. आपल्या रेडिओ-खगोलशास्त्राची मुहूर्तमेढ अशा जुन्या सामानावर रोवली गेली, यात मला तरी कमीपणा वाटत नाही.

अनेक तबकड्यांनी मिळून आकाशाचा केवढा भाग न्याहाळावा, याचे गणित त्यांच्या परस्परांतील अंतरांवरून कागदावर मांडता येते. परंतु त्या गणितात एक गोष्ट गृहीत असते, ती ही, की प्रत्येक तबकडीपासून ग्राहकयंत्रापर्यंतची वाट विद्युत्‌दृष्ट्या समान आहे. कल्याणास ६१० मेगाहर्ट्‌झवर निरीक्षण होई. ती लहर जेमतेम ४९ सेंटिमीटरची. शेकडो मीटर पसरलेल्या तारांत कोठे अर्ध्या लहरीइतकी तफावत राहिली, तर ती तबकडी इतरांस साहाय्य करण्याऐवजी त्यांच्याच विरुद्ध साक्ष देऊ लागते.

पॉट्स हिलच्या तबकड्या १९५४ साली सहकारी पार्थसारथी यांच्यासह ६० सेंटिमीटरच्या लहरींसाठी जुळविताना, साऱ्या वाटा समान आहेत की नाहीत या पडताळणीचे क्लिष्टपण स्वरूपांनी पुरते अनुभवले होते. पुढे स्टॅनफर्ड येथे यांग यांच्या सहकार्याने त्यांनी जी तजवीज शोधली व १९६१ साली प्रसिद्ध केली, ती इतकी सरळ आहे की आधी कोणास कशी सुचली नाही याचे नवल वाटावे. ग्राहकयंत्राच्या टोकाकडून तारेत एक लहर सोडावयाची, आणि दूरच्या टोकास, तबकडीपाशी, एक डायोड ठराविक गतीने उघडमीट करीत ठेवावयाचा, की तेथून परतणाऱ्या लहरीवर जणू त्या ठाण्याची मोहर उमटते. वाटेतील सांध्यांवरून उलटलेल्या लहरींवर ती मोहर नसल्याने त्यांची गफलत होत नाही; जाण्यायेण्याच्या प्रवासातील कलांतर मोजून निम्मे केले, की एका वाटेचा हिशेब हाती येतो. अर्ध्या लहरीची शंका मात्र तेवढ्याने फिटत नाही, तिचा निवाडा निराळा करावा लागतो. तरीही तारा न सोडविता, एका जागी बसून, एकेका तबकडीची झडती घेता येऊ लागली.

कल्याणनंतर उटीस १९७० मध्ये डोंगरउतारावर उभारलेली ५३० मीटर लांबीची रेडिओ-दुर्बीण त्या तबकड्यांहून विलक्षण. उताराचा कोन तेथील अक्षांशाएवढा, सुमारे ११ अंशांचा, साधल्याने तिचा आस पृथ्वीच्या आसाशी समांतर झाला. नारायणगावजवळच्या खोडद परिसरात आज ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या २५ किलोमीटरपर्यंत विखुरल्या आहेत. त्यांच्या जुळणीची अखेरची परीक्षा आकाशातच होते: ३ सी २८६ यासारख्या, ज्याचे स्थान व तेज आधीच निश्चित आहे अशा, स्रोताकडे त्या वळवावयाच्या, आणि येणारे उत्तर ज्ञात उत्तराशी ताडून पाहावयाचे.