संगणकाचा वेग : प्रोसेसर आणि मेमरीचा मेळ

घरातील जुना संगणक भंगारात देण्यापेक्षा जव्हार किंवा मोखाड्यातील एखाद्या शाळेला द्यावा, असे शहरातील वाचकांच्या मनात येते. पालघर जिल्ह्यातील (२०१४ पूर्वी ठाणे जिल्ह्यातील) हे दोन्ही आदिवासी तालुके डोंगराळ आहेत. तेथे यंत्र बंद पडल्यास सुट्या भागासाठी नाशिक किंवा पालघर गाठावे लागू शकते. म्हणूनच त्याचा वेग वाढवताना स्थैर्याचा विचार आधी करावा.

प्रोसेसरचा वेग
मूळ ठोका आणि गुणक यांच्या गुणाकारातून प्रोसेसरचा वेग ठरतो. ठोका १०० मेगाहर्ट्झ व गुणक ३६ असल्यास वेग ३.६ गिगाहर्ट्झ होतो. निर्मात्याने ठरवलेल्या वेगापलीकडे जाण्यास 'ओव्हरक्लॉकिंग' म्हणतात. १९९८ मधील इंटेलचा 'सेलेरॉन ३००ए' त्यासाठी गाजला. बसचा ठोका ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केल्यास ३०० मेगाहर्ट्झचा हा प्रोसेसर बहुधा ४५० वर चाले.

या वेगाची किंमत उष्णतेच्या रूपाने मोजावी लागते. विजेचा वापर ठोक्याच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही १० टक्क्यांनी वाढवल्यास तो सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो. फार तापलेला प्रोसेसर स्वतःच मंदावतो आणि कमावलेला वेग वाया जातो.

मेमरीचा वेग
'डीडीआर४-३२००' मेमरीचा प्रत्यक्ष ठोका १६०० मेगाहर्ट्झ असतो. प्रत्येक ठोक्याला माहितीची दोनदा देवाणघेवाण होते. मागितलेली माहिती मिळू लागण्यास किती ठोके लागतात, हे 'सीएल' हा आकडा सांगतो. सीएल १६ असल्यास १० नॅनोसेकंद, तर सीएल २२ असल्यास १३.७५ नॅनोसेकंद लागतात. त्यामुळे वेष्टनावरील मोठ्या आकड्यावरच विसंबू नये. या मेमरीची एकच पट्टी सेकंदाला २५.६ गिगाबाइट माहिती वाहू शकते. मदरबोर्डवर सोय असल्यास दोन समान पट्ट्या योग्य खाचांत बसवून ही क्षमता दुप्पट होते.

देण्यापूर्वी काय करावे?
१. पंख्यातील धूळ काढून प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप बदलावा.
२. रॅम ४ गिगाबाइट असल्यास ती ८ करावी. ती अपुरी पडली की संगणक हार्ड डिस्कचा आधार घेतो आणि रखडतो.
३. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवावी.
४. बायोसमधील वाढीव वेग काढून मूळ मूल्ये ठेवावीत.
५. 'मेमटेस्ट' रात्रभर चालवावी. सदोष मेमरी कोणतीही सूचना न देता फाइल बिघडवू शकते.
६. 'विंडोज १०'चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या यंत्रावर लिनक्सचा विचार करावा.
७. शक्य असल्यास सोबत यूपीएस द्यावा.

काही टक्के जादा वेगामुळे मुलांच्या शिक्षणात फारसा फरक पडत नाही. वर्षभर न अडता चालणाऱ्या संगणकामुळे मात्र नक्कीच पडतो.