बॅकअप, व्हाया पेण-रोहा

शनिवारी सकाळी दिव्याहून रोह्याची मेमू पकडायची आणि पेणला उतरायचं, हा माझा महिन्यातून एकदा तरी ठरलेला कार्यक्रम. पेणला मामाचा गणपतींचा कारखाना आहे आणि रोह्याला आमचं घर. शनिवार मामाकडे, रविवारी आईच्या हातचं जेवण, संध्याकाळी परत. सॅकमध्ये एक जोडी कपडे आणि एक हार्ड डिस्क. (हो, पेणला पेन ड्राइव्ह न्यायचा विनोद करून झालाय. मामा हसला नाही.)

ही गोष्ट त्या हार्ड डिस्कची आहे. पण ती सांगायला बसलो की मी दरवेळी १८५७ सालात जाऊन पोचतो. तेव्हा जरा धीर धरा.

मामाच्या कारखान्यात एक जुना कॉम्प्युटर आहे. त्यावर ऑर्डरींची एक्सेल शीट, कुठल्या मंडळाने किती ॲडव्हान्स दिला त्याचा हिशोब, दरवर्षीच्या मूर्तींचे फोटो, आणि 'आजोबा' नावाचा एक फोल्डर. माझे आजोबा शाडूचे गणपती करायचे. २६ जुलै २००५ च्या पावसात कारखान्यात पाणी शिरलं. रंगायला लावलेल्या मूर्ती विरघळल्याच, पण ट्रंकेतले फोटोंचे अल्बमही भिजले. तेव्हा मी लहान होतो. आजी दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे फोटो चिमट्यांनी लावत होती, एवढंच आठवतं. त्यातले जे वाचले ते पुढे मामाने स्कॅन करून घेतले. तो 'आजोबा' फोल्डर.

आता घरात इंजिनीअर भाचा असल्यावर असा कॉम्प्युटर बिनबॅकअपचा कसा राहणार? तीन वर्षांपूर्वी एका शनिवारी बसून मी स्क्रिप्ट लिहिली. विंडोजमध्ये रोबोकॉपी नावाची कमांड असते. एनटीच्या काळात ती वेगळी मिळवावी लागायची, व्हिस्टापासून (२००७) विंडोजमध्येच येते. एक ओळ लिहायची, टास्क शेड्युलरला सांगायचं की रोज रात्री नऊला चालव, झालं. चहा गार व्हायच्या आत काम संपलं.

अर्थात चहाच्या वेळात लिहिलेल्या स्क्रिप्टचे गुण नंतर कळतात. मामा एक्सेल शीट उघडी ठेवून घरी जायचा. ती फाइल लॉक असली की रोबोकॉपी थांबून परत प्रयत्न करते. किती वेळा? न सांगितल्यास दहा लाख वेळा, दर प्रयत्नामागे तीस सेकंद थांबून! मी हिशोब केला, साधारण ३४७ दिवस होतात. म्हणजे एका गणपतीत सुरू झालेला बॅकअप पुढच्या गणपतीपर्यंत. पुढच्या वर्षी लवकर या. मग प्रयत्न दोनवर आणले. लॉगमध्ये मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसायची, ते युनिकोड लॉग मागून सोडवलं. स्क्रिप्ट छान चालायला लागली आणि मी तिला विसरलो.

खरी चूक वेगळीच होती. मी रोबोकॉपीला 'मिरर'चा पर्याय दिला होता. मिरर म्हणजे आरसा: इकडे जे आहे ते तिकडे, आणि इकडे जे नाही ते तिकडूनही काढून टाक. गेल्या वर्षी मे महिन्यात जागा कमी पडली म्हणून मामेभावाने साफसफाई केली आणि त्यात 'आजोबा' फोल्डर गेला. रात्री नऊ वाजता माझी स्क्रिप्ट उठली, तिने पाहिलं की फोल्डर इकडे नाही, आणि बॅकअपच्या डिस्कवरूनही तो इमानेइतबारे पुसून टाकला. तीन आठवड्यांनी मामाचा फोन आला.

"अरे, तुझ्या त्या डिस्कवरून अण्णांचे फोटो काढून दे ना."

तेव्हा मला जे वाटलं ते इथे लिहीत नाही.

असो. आता १८५७.

पेण तालुक्यात वरसई नावाचं गाव आहे. तिथले विष्णुभट गोडसे घरच्या कर्जापायी, काही दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ साली चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. यज्ञ राहिला बाजूला, हे दोघे बंडाच्या धामधुमीत सापडले. १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा विष्णुभट शहरातच होते. कत्तल आणि लूट तर त्यांनी पाहिलीच, पण झाशीच्या ग्रंथसंग्रहाची झालेली नासधूसही त्यांनी नोंदवून ठेवली आहे. पिढ्यानपिढ्या जमवलेल्या पोथ्या, सगळ्या एकाच ठिकाणी. त्यातल्या ज्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती, त्यांचं पुढे काय झालं हा प्रश्नच उरत नाही.

विष्णुभट जीव वाचवून, गंगेची कावड घेऊन वरसईला परत आले. पुढे पंचवीसेक वर्षांनी, १८८३ च्या सुमाराला, भारताचार्य चिंतामण विनायक वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी सगळी हकीकत लिहून काढली. तेच 'माझा प्रवास'. पण इंग्रजी राज्यात हे छापायचं कसं? हस्तलिखित तसंच राहिलं. वैद्यांनी ते १९०७ साली छापलं, तेही काटछाट करून आणि भाषा बदलून. जवळजवळ साठ वर्षं मराठी वाचकाला माहीत होते ते हे बदललेले विष्णुभट.

आमच्या भाषेत सांगायचं तर मूळ फाइलवर 'सेव्ह' दाबलं गेलं होतं. फरक एवढाच, की वैद्यांनी मूळ हस्तलिखित फेकून दिलं नाही. ते त्यांनी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे सोपवलं. तिथून महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ संहिता प्रसिद्ध केली आणि विष्णुभट पुन्हा स्वतःच्या भाषेत बोलायला लागले. जुनी आवृत्ती राखून ठेवली म्हणून दुरुस्ती करता आली. माझ्या मिररने नेमकं हेच केलं नव्हतं. त्याला फक्त 'आत्ता' कळत होतं, 'काल' कळत नव्हता.

आणि ज्या मंडळात ते हस्तलिखित जपलं गेलं, त्याच्या स्थापनेत पुढाकार होता इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांचा. तेही याच वरसईशी नातं सांगणारे! एका गावाने बॅकअपच्या विषयात एवढं योगदान द्यावं याची मला फार गंमत वाटते.

राजवाड्यांच्या काळात जुन्या घराण्यांची मोडी दप्तरं माळ्यावर वाळवीला नाहीतर वाण्याकडे पुड्या बांधायला जात होती. राजवाडे गावोगाव पायी हिंडले, लोकांच्या विनवण्या केल्या, कागद मिळाले तिथे मिळवले, नाही मिळाले तिथे नकला केल्या. पण त्यांचं मोठेपण मला नुसत्या जमवण्यात दिसत नाही. नुसतं जमवलं असतं तर झाशीसारखा आणखी एक संग्रह झाला असता, एकाच आगीची वाट बघणारा. त्यांनी ते छापलं. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली निघाला, पानिपतापर्यंतच्या पत्रांचा. असे बावीस खंड झाले. माळ्यावरच्या एका कागदाच्या शेकडो प्रती गावोगावच्या वाचनालयांत आणि कपाटांत जाऊन बसल्या. मंडळ १९१० साली पुण्यात सुरू झालं. राजवाडे १९२६ मध्ये गेले ते धुळ्याला, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे त्यांची कागदपत्रं सांभाळतं. एक ठिकाण पुण्याला, एक धुळ्याला. सर्व्हर वेगवेगळ्या शहरांत ठेवा म्हणून आम्हाला आता प्रेझेंटेशनं दाखवतात!

तुम्ही म्हणाल, हे सगळं कागदांचं झालं, आता क्लाउडच्या जमान्यात काय? तर आता पेणच्या शेजारच्या उरण तालुक्यात चला, न्हावा-शेवा बंदरात.

२७ जून २०१७. युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' नावाचा विषाणू पसरला आणि मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीची जगभरातली कॉम्प्युटर यंत्रणा काही तासांत झोपली. जेएनपीटीमधलं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही त्यात बंद पडलं. कंटेनर जागेवर, ट्रक रस्त्यावर.

मर्स्ककडे बॅकअप नव्हते असं नाही. पण कोणता कॉम्प्युटर कोण वापरू शकतो याचा नकाशा ज्या यंत्रांत असतो, ते डोमेन कंट्रोलर त्यांच्याकडे दीडशेच्या आसपास होते. सगळे एकमेकांशी सतत जुळवून घेणारे. एक गेला तर दुसऱ्यावरून उभा करू, अशी कल्पना. सगळे एकदम जातील हे कोणाच्या मनातच आलं नव्हतं. ते सगळे एकदम गेले. फक्त एक वाचला, आफ्रिकेत घानाच्या ऑफिसमधला. का? तर हल्ल्याआधी तिथली वीज गेली होती आणि तो बंद होता! नेटवरून एवढा डेटा लंडनला पाठवायला काही दिवस लागले असते. घानाच्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग एक जण डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तिथे दुसऱ्याच्या हातात दिली आणि तो ती घेऊन लंडनला पोचला. पुढच्या दहा दिवसांत कंपनीने ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे केले. नुकसान झालं २५ ते ३० कोटी डॉलरचं.

लोडशेडिंगमुळे कोणाचं भलं झाल्याचं मी ऐकलेलं हे एकमेव उदाहरण. पण त्या दीडशे यंत्रांत आणि माझ्या मिररमध्ये तत्त्वाचा काहीच फरक नव्हता. दोन्हीकडे एकाचं दुखणं दुसऱ्याला तत्काळ लागत होतं. प्रती खूप होत्या, पण त्या एकाच वेळी मरू शकत होत्या.

आमच्या घरातला 'घाना' निघाला रोह्याला. आजोबांच्या वर्षश्राद्धाला आईने काही फोटो मोठे करून घेतले होते. त्यासाठी नेलेला पेन ड्राइव्ह तिच्या कपाटात, साड्यांच्या खाली, रिकाम्या डबीत पडून होता. १४३ पैकी ५८ फोटो त्यात सापडले. मामाच्या डिस्कवर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवून आणखी एकवीस आले, त्यातले काही अर्धेच, खालची बाजू करडी. बाकीचे गेले. आजोबांनी एके वर्षी शेजारच्या मुलांसाठी बोटभर उंचीचे गणपती केले होते, त्या ओळीचा फोटो गेला. मामाला तो पाठ आहे. कुठल्या मूर्तीची सोंड कुठल्या बाजूला होती तेही सांगतो. पण ते आता त्याच्याच डोक्यात आहे, आणि त्याची दुसरी प्रत नाही.

मामा मला काही बोलला नाही. नंतर एकदा साचा काढताना म्हणाला, "हे बघ, साचा झिजतो. बारकावे बोथट होतात. मग ओरिजनलवरून नवा साचा काढायचा. म्हणून ओरिजनल कारखान्यात वापरायचं नसतं, वेगळं ठेवायचं असतं. तुमच्यात हे शिकवत नाहीत का?"

शिकवतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी. इंटरव्ह्यूमध्ये मी हे घडाघडा म्हणून दाखवलं होतं.

तर आताची स्क्रिप्ट अशी आहे. मिरर नाही. दर शनिवारी तारखेच्या नावाचा नवा फोल्डर होतो आणि त्यात सगळं कॉपी होतं. (विंडोजची तारीख थेट फोल्डरच्या नावात घालू नका, त्यातल्या तिरक्या रेघांमुळे फोल्डरच्या आत फोल्डर तयार होतात. वर्ष-महिना-दिवस असं स्वतः जुळवून घ्या.) जुने फोल्डर स्क्रिप्ट स्वतः कधीच पुसत नाही. पुसायचं असेल तर मी हाताने पुसतो, मामाला विचारून. कॉपी झाली की डिस्क काढून ठेवायची, कॉम्प्युटरला लावून ठेवायची नाही. घानाची वीज गेली होती, आपण केबल काढायची.

आणि डिस्क दोन आहेत. पेणची रोह्याला जाते, रोह्याची पेणला येते. मध्ये कासू, नागोठणे, निडी. पेणला भोगावती, रोह्याला कुंडलिका, दोन वेगळ्या नद्या. पण २००५ सारखा पाऊस नद्या मोजत बसत नाही, म्हणून एक प्रत क्लाउडवरही टाकली आहे. एकूण स्क्रिप्ट चौदा ओळींची आहे. त्यातल्या प्रत्येक ओळीमागे कोणाचं तरी काहीतरी गेलेलं आहे.

एक काम मात्र स्क्रिप्टला जमत नाही. रविवारी जेवण झाल्यावर मी रोह्याला डिस्क लावतो आणि आईला म्हणतो, कुठलाही एक फोटो सांग. ती सांगते, मी उघडून दाखवतो. उघडला तर बॅकअप आहे, नाहीतर नुसती डिस्क आहे. गेल्या रविवारी तिने बोटभर गणपतींचा मागितला. मग आठवून तीच म्हणाली, "राहू दे, दुसरा दाखव."

पुढच्या खेपेला मामाला समोर बसवून त्या ओळीबद्दल त्याला जे जे आठवतं ते लिहून घेणार आहे. विष्णुभटांनी तर पंचवीस वर्षांनी लिहिलं होतं.