गादी आणि आरामखुर्ची

भिवंडीजवळील वडपे गांवाशीं उभें राहून पाहिलें असतां मुंबई-आग्रा रस्ता नाशिकच्या दिशेनें गेलेला दिसतो. आज त्याच्या आसमंतांत मालाचीं गोदामें उभीं आहेत. हाच रस्ता कसाऱ्याचा घाट चढून, नाशिक व धुळें मागें टाकून, खलघाटाशीं नर्मदा ओलांडतो आणि इंदुरास पोहोंचतो. मराठ्यांच्या उत्तरेकडील मोहिमा वाचकांस नव्यानें सांगावयास नकोत. आम्हांस येथें सांगावयाची आहे ती इंदुरांतील एका आरामखुर्चीची हकीकत.

१९२६ सालीं तुकोजीराव होळकरांनीं राजपद सोडलें व त्यांचे पुत्र यशवंतराव वयाच्या अठराव्या वर्षीं गादीवर आले. ऑक्सफर्ड येथें शिकत असतां एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाशीं त्यांचा स्नेह जडला. यशवंतराव आणि कागलकर घराण्यांतील त्यांच्या पत्नी संयोगिताराजे यांच्याकरितां मुथेसियसनें १९३० ते १९३३ च्या दरम्यान माणिकबाग हा महाल सिद्ध केला. जर्मनी व फ्रान्समधून तेथें आलेल्या सामानांत ल कॉर्बुझिए, पिएर झानरे व शार्लोत पेरियाँ या तिघांनीं १९२८ सालीं योजिलेली आरामखुर्चीही होती.

तिची रचना अशी : झळझळीत पोलादी नळी मनुष्याच्या देहाप्रमाणें पाठीशीं, कमरेशीं व गुडघ्याशीं वांकविलेली; तिच्यावर कातडें किंवा जाड कापड ताणलेलें; आणि हा सांगाडा खालच्या काळ्या घोडीवर नुसता ठेवलेला. तो पुढें-मागें सरकविला, कीं बसणाऱ्याचा कल बदलतो. त्यास खिळा नाहीं, खुंटी नाहीं; देहाचें वजन आणि घर्षण यांच्या बळावरच तो जागच्या जागीं राहतो. यंत्रयुगांतील मनुष्यास यंत्राइतकेंच नेटकें सामान मिळावें, हा कर्त्यांचा हेतु होता. प्रत्यक्षांत मात्र अशी खुर्ची घेण्याचें सामर्थ्य श्रीमंतांनाच होतें.

तथापि एका मराठी राजानें ती घ्यावी यांत आम्हांस विशेष अर्थ दिसतो. आमच्याकडे गादी हा शब्द बिछान्यासही आहे आणि राज्यासही. राज्याच्या गादीवर बसणाऱ्यास ताठ बसावें लागतें, तिच्या इभ्रतीस शोभावें लागतें. ही खुर्ची उलट बसणाऱ्याच्या पाठीचा बांक ओळखून आपण वांकते. कोवळ्या वयांत पूर्वजांच्या गादीचें ओझें ज्याच्या शिरावर आलें, त्यास असें आसन हवेंसें वाटलें असेल, तर त्यांत नवल काय? ही केवळ साहेबी चैन होती, असें कोणी म्हणतील. संस्थानिकाचें वैभव रयतेच्या साऱ्यावर उभें असतें, हा आक्षेप खराच आहे. परंतु आक्षेप घेण्यासाठीं तरी वस्तु डोळ्यांसमोर असावी लागते.

ती मात्र राहिली नाहीं. १९३७ सालीं संयोगिताराजे निवर्तल्या. १९४८ सालीं संस्थान मध्यभारतांत विलीन झालें. १९६१ सालीं यशवंतराव वारले. १९८० सालीं माणिकबागेंतील पुष्कळसें सामान मोनॅको येथें लिलावांत विकलें गेलें. महालांत सरकारी कर खात्याची कचेरी आली. पुढें २०१९ सालीं पॅरिस येथें या राजाच्या संग्रहाचें मोठें प्रदर्शन भरलें.

होळकरांच्या तरवारी व पत्रें आम्हीं जपलीं, तीं जपलींच पाहिजेत. पण पराक्रमाच्या साधनांसच इतिहास समजण्याची संवय जडल्यामुळें विसाव्याचीं साधनें आम्हांस केवळ जुनें सामान वाटलीं. वडप्याच्या रस्त्यानें आज इंदुरास जाणाऱ्यास महाल सांपडेल. त्यांतील ती खुर्ची तेथें सांपडणार नाहीं.