धरणाच्या पाण्यात शिडाची होडी रात्री ठेवायची कुठे?

खडकवासला धरणाच्या पाण्यावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाची होडी चालवायला शिकतात. धाराशिव जिल्ह्यातली परंडा तालुक्यातलं सीना-कोळेगाव किंवा माकणीचं निम्न तेरणा ही धरणं मात्र मुळात सिंचनासाठी बांधलेली. तिथे होडीसाठी धक्का असेल असं गृहीत धरू नये. मग रात्री होडी बांधायची कुठे?

भिंत, सांडवा आणि दरवाजांजवळ तर अजिबात नाही. जलाशय जलसंपदा विभागाचा, त्यामुळे आधी परवानगी. मासेमारीचा ठेका असलेल्या संस्थेलाही विचारावं. जाळी कुठे लावलीत हे त्यांनाच ठाऊक असतं.

खरी अडचण पाण्याच्या पातळीची. काठ सपाट असेल, म्हणजे ५० फुटांना एक फूट उतार, तर पाणी अर्धा फूट उतरलं की काठ २५ फूट मागे सरकतो. संध्याकाळी तरंगणारी होडी दोन दिवसांत चिखलात! पावसाळ्यात उलटं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा-भूम भागात पूर आला होता. अशा वेळी आखूड बांधलेला दोर वाढत्या पाण्यात होडीचं नाक खाली ओढतो.

नांगर टाकायचाच असेल तर दोर खोलीच्या निदान पाच ते सात पट सोडतात. १० फूट पाण्याला ५० ते ७० फूट. वारा फिरला की होडी तेवढ्या दोरावर गोल फिरणार, म्हणून सगळीकडून मोकळी जागा हवी. तळाशी बुडालेल्या बाभळी, जुन्या विहिरी, कुंपणं असू शकतात. नांगर अडकला तर काढता यावा म्हणून त्याच्या मागच्या टोकाला वेगळी दोरी आणि वर तरंगता डबा बांधतात.

नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात पश्चिमेचा काठ आडोशाचा. वळवाच्या वाऱ्याचा मात्र नेम नाही. शेजारच्या उजनीत २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगाव-कळाशी दरम्यान वादळात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला.

म्हणून एप्रिल-मेमध्ये छोट्या होडीची सगळ्यात चांगली जागा पाण्याबाहेरच. कोकणातही पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढतातच की. शीड उतरवायचं, डोलकाठी आडवी करायची (विजेच्या तारा वर नाहीत ना, हे आधी बघून), होडी चढावर ओढायची आणि दोन बाजूंनी घट्ट बांधायची. आत कुणी झोपायचं नाही.