दर दोन तासांनी कूस

'अ‍ॅडजस्ट करणे' इतकं सोयीचं क्रियापद मराठीत दुसरं नसेल. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा टेकतो तो 'जरा अ‍ॅडजस्ट करा' म्हणूनच. मणक्याला मार लागून दोन्ही पाय गेलेल्या माणसाला भेटायला आलेली मंडळीसुद्धा निघताना हेच सांगतात, "होईल हळूहळू अ‍ॅडजस्ट." म्हणजे अ‍ॅडजस्ट व्हायचं ते त्याने, बाकीचं जग आहे तिथेच. इतिहास वाचायला घेतला की मात्र गोष्ट बरोबर उलटी निघते.

मुळात साधारण ८० वर्षांपूर्वीपर्यंत हा प्रश्नच फारसा यायचा नाही, कारण असा पेशंट सहसा तेवढा जगायचाच नाही. प्राचीन इजिप्तमधल्या एडविन स्मिथ पपायरसमध्ये मानेचा मणका सरकून हातपाय लुळे पडलेल्या माणसाचं वर्णन आहे, आणि पुढे शेरा आहे की यावर उपचार करण्यात अर्थ नाही. पहिल्या महायुद्धापर्यंत डॉक्टरांचं मत याहून फार वेगळं नव्हतं. पण गंमत बघा, बहुतेकांचा जीव घ्यायचा तो मोडलेला मणका नव्हे. मज्जारज्जूला इजा झाली की खालच्या अंगाची जाणीव जाते. एकाच जागी तासन्‌तास दाब पडला तरी कळत नाही. कातडी मरते, बेडसोअर होतात आणि ते हाडापर्यंत पोचतात. लघवीवरचा ताबा जातो, मूत्राशय तुंबतं, इन्फेक्शन किडनीपर्यंत चढतं. मग ते रक्तात पसरतं आणि खेळ खलास. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर सगळे मणक्याकडे बघत बसले होते आणि रूट कॉज भलतीकडेच होता.

१९१७ मध्ये लुडविग गुटमन नावाचा जर्मन ज्यू मुलगा खाणकामगारांच्या एका हॉस्पिटलात मदतनीस म्हणून काम करत होता. पाठ मोडलेला एक धडधाकट खाणकामगार आणला गेला. त्याला पडद्याआड ठेवलं आणि मुलाला सांगितलं, याच्यावर फार कागद खर्च करू नकोस, काही आठवड्यांचा सोबती आहे. झालंही तसंच. पुढे गुटमन मोठे न्यूरोसर्जन झाले. नाझींच्या राज्यात त्यांना ब्रेस्लाऊच्या ज्यू हॉस्पिटलातच काम करणं भाग पडलं आणि १९३९ मध्ये ते बायकोमुलांसह इंग्लंडला निसटले.

१ फेब्रुवारी १९४४ ला लंडनच्या वायव्येला, एल्सबरीजवळच्या स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलात त्यांच्या हाती मणक्याच्या पेशंटांचा विभाग आला. सुरुवातीला खाटा मोजक्याच. युरोपवर मोठी चढाई होणार, जखमी येणार, त्यांची सोय म्हणून हा खटाटोप. (अमेरिकेत बॉस्टनला डॉ. डोनाल्ड मन्रो यांनी १९३६ मध्येच असा विभाग काढला होता, त्यांचंही श्रेय आहेच.)

गुटमन यांनी कुठलंही नवं यंत्र आणलं नाही. आधी पेशंटांना जखडून ठेवणारी प्लास्टरं काढून टाकली. मग नियम केला, प्रत्येक पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलायची. दिवसा आणि रात्रीही. लघवीच्या नळीचं काम पूर्ण निर्जंतुक पद्धतीने, सुरुवातीला तर बरंचसं त्यांनी स्वतःच्या हातांनी केलं. नियम पाळला जातोय ना हे बघायला साहेब रात्री-अपरात्री वॉर्डात टपकायचे. पेनिसिलिनही त्याच सुमारास हाताशी आलं, त्याचा वाटा मोठा. पण पेनिसिलिन कूस बदलत नाही. ती नर्सेसनी आणि वॉर्डबॉयनी बदलली. म्हणजे सगळ्यात आधी अ‍ॅडजस्ट कोण झालं? हॉस्पिटलचं वेळापत्रक!

माणसं जगायला लागल्यावर पुढचा प्रश्न आला, आता करायचं काय? गुटमन यांची फूटपट्टी रोखठोक होती. पेशंटने पुन्हा टॅक्स भरायला लागलं पाहिजे. म्हणून सुतारकाम, घड्याळदुरुस्ती असे वर्ग निघाले. आणि खेळ. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन होतं त्याच दिवशी, हॉस्पिटलच्या हिरवळीवर १६ खेळाडूंची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. पॅरालिंपिकचं बीज ते हेच.

इथून पुढे कथा जरा कडू होते. १९६० मध्ये रोमला सुमारे ४०० खेळाडू जमले. राहायची जागा खांबांवर उभारलेल्या इमारतींत, वर जायला जिने. शेवटी सैनिकांनी या खेळाडूंना व्हीलचेअरसकट उचलून वर नेलं. १९७२ मध्ये ऑलिंपिक म्युनिकला झालं, पण तिथल्या क्रीडाग्रामातले फ्लॅट लगेच खाजगी मालकांकडे जाणार होते, म्हणून पॅरालिंपिक हायडेलबर्गला हलवावं लागलं. १९८० मध्ये मॉस्कोने नकार दिला आणि स्पर्धा नेदरलँड्समधल्या आर्नहेमला गेली. खेळाडू तयार होते, जगाला मात्र जिना बदलायला वेळ नव्हता.

त्याच हायडेलबर्गमध्ये आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर फ्रीस्टाईल पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं. भारताचं पॅरालिंपिकमधलं ते पहिलं सुवर्ण. पेटकर सैन्यातले बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, त्यातली एक मणक्यात. पोहणं सुरू झालं ते उपचार म्हणून. पुढे त्यांनी पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी केली. म्हणजे गुटमनसाहेबांच्या फूटपट्टीवर अगदी शंभर टक्के. पण सरकारला त्यांना पद्मश्री द्यायला २०१८ उजाडलं. बहुतेकांना त्यांचं नाव कळलं ते २०२४ च्या 'चंदू चॅम्पियन' सिनेमामुळे.

आपल्या कायद्याचा प्रवासही असाच आहे. १९९५ च्या कायद्यात रॅम्प वगैरे होते, पण 'आर्थिक कुवतीनुसार' अशी पळवाट ठेवून. २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक इमारतींना मुदत घालून दिली. तरी नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की हे निकष ऐच्छिक ठेवून चालणार नाही, किमान काही तरी सक्तीचे करा.

व्हीलचेअरवरचा माणूस त्याच्या वाटचं अ‍ॅडजस्टमेंट करतोच. खांदे कमावतो, दर थोड्या वेळाने हातांवर अंग उचलून दाब कमी करतो, पाण्याचं नि लघवीचं वेळापत्रक सांभाळतो. हे काम रोजचं आहे, त्याला वीकएंड नाही. एवढं करून तो ऑफिसच्या दारापर्यंत पोचतो आणि समोर तीन पायऱ्या असतात. किंवा रॅम्प असतो, पण घसरगुंडीसारखा उभा, आणि आतल्या टॉयलेटचं दार चाकांपेक्षा अरुंद.

सोमवारी ऑफिसला गेलात की मेजरिंग टेप घेऊन ते दार एकदा मोजा. कमी भरलं तर अ‍ॅडमिनला मेल टाका. आणि उत्तर आलं नाही तर दर दोन तासांनी आठवण करा.