फायनल प्रोजेक्ट: विषय तुमचा तुम्ही शोधा

परवा मावसभावाचा फोन आला. पुढच्या महिन्यात सबमिशन, त्यामुळे आवाजात नेहमीपेक्षा जरा जास्तच 'दादा' होतं. "दादा, तुझा जुना प्रोजेक्ट आहे का रे? सोर्स कोडसकट?"

आहे ना. गूगल ड्राइव्हवर पडलाय अजून. चेहरा ओळखून हजेरी लावणारी सिस्टिम. चौघांनी वर्गणी काढून विकत घेतलेली. ब्लॅक बुक मात्र आम्ही स्वतः बाइंड करून आणलं होतं, सोनेरी अक्षरांत :) व्हायवाला एक्सटर्नलने विचारलं, "हाच विषय का घेतला?" चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. असो.

"रात्री करतो फोन" म्हणून ठेवला आणि आठवला डेव्हिड मलान.

मलान म्हणजे हार्वर्डच्या सीएस५० या कोर्सचा मास्तर. १९९६ साली तो तिथेच राज्यशास्त्र शिकत होता. कॉम्प्युटरची धास्ती, म्हणून ग्रेडच्या भानगडीत न पडता नुसतं पास-नापास या बोलीवर त्याने सीएस५० घेतला. त्या वर्षी शिकवायला कोण, तर ब्रायन कर्निहन! आपण सगळ्यांनी पहिल्या प्रॅक्टिकलला छापलेलं 'हॅलो वर्ल्ड' ज्याच्यामुळे जगभर झालं तो. मलानने मग विषयच बदलला.

पण मला आवडतो तो पुढचा किस्सा. तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना हॉस्टेलांमधल्या खेळांच्या स्पर्धांत नाव द्यायचं तर कागदी फॉर्म भरायचा, आवार ओलांडून जायचं आणि संबंधित माणसाच्या दाराच्या फटीतून आत सरकवायचा. मलानने त्यासाठी पर्लमध्ये वेबसाइट लिहिली. पर्ल त्याला कुणी शिकवली नव्हती, अडलं तसं शिकत गेला. हा काही त्याचा सीएस५०चा प्रोजेक्ट नव्हे, नंतरचं काम. पण वर्गात तो हे अजून सांगतो.

२००७ मध्ये हा कोर्स त्याच्याकडे आला आणि विद्यार्थी एका वर्षात १३२ वरून २८२ झाले. सुरुवात स्क्रॅचच्या ठोकळ्यांनी, मग सी, पुढे वेब. आणि शेवटी फायनल प्रोजेक्ट. विषयांची यादी नाही. स्वतःला रस वाटेल किंवा कुणाची खरी अडचण सुटेल असं काहीतरी बनवा, बस्स. आणि ही शेवटच्या वर्षाची मुलं नव्हेत हं. यातल्या बहुतेकांनी तीन महिन्यांपूर्वी आयुष्यात पहिल्यांदा लूप पाहिलेला असतो!

रात्रभर चालणारी हॅकेथॉन, पहाटे पाचला जागे असतील त्यांना पॅनकेक, मग प्रोजेक्टची जत्रा, या गोष्टींचं कौतुक फार होतं. मला ग्रेट वाटते ती एक साधी अट. सुरू करण्याआधी तीन पायऱ्या लिहून द्यायच्या: किमान एवढं होईलच, जमलं तर एवढं, आणि सगळं जुळून आलं तर एवढं. नवख्याला आपला आवाका कळत नाही, म्हणून ही सोय. (आमच्या टीमला आठ वर्षांच्या अनुभवानंतरही स्प्रिंट प्लॅनिंगमध्ये कळत नाही, ते सोडा.) आभाळाएवढं ठरवून हात टेकण्यापेक्षा पहिल्या पायरीवर तरी पोरगं उभं राहतं.

तिथे मदतीला टीचिंग फेलोंची फौज असते, आमच्या गाइडकडे दहा-बारा ग्रुप होते, हा फरक मान्य. पण २०१२ मध्ये हाच कोर्स एडएक्सवर सगळ्यांना फुकट खुला झाला, फायनल प्रोजेक्टसकट. पहिल्याच वर्षी लाखाहून जास्त लोकांनी नावं नोंदवली. सर्टिफिकेटपर्यंत पोचले एक टक्क्यापेक्षा कमी. आपलं आपण शोधून काढणं सोपं नाहीच.

रात्री फोन केला. म्हटलं, "हॉस्टेलवर रोज कशाची कटकट होते?"

"मेसची. खाड्याची वही कायम गायब असते. महिनाअखेरीला काकांशी वाद."

"मग किमान काय होईल? खाडा मोबाइलवरून टाकता येईल?"

"येईल की... बिल पण काढता येईल मग. काकांना मराठीतच लागेल पण सगळं." पुढची वीस मिनिटं तोच बोलत होता.

ठेवताना म्हणाला, "दादा, ती ड्राइव्हची लिंक पण टाकून ठेव ना. बॅकअप म्हणून."

अजून टाकलेली नाही.